पाहुणचार नको, भागीदारी हवी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी कला शाखेतील विद्यार्थिनीने लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली माणसे दोनच. एक माझा चुलतभाऊ आणि दुसरी मी. तो बी. एस्सी.ला, मी बी. ए.ला. मला शास्त्राची गोडी नव्हती असे मुळीच नाही. परंतु प्रॅक्टिकल आटोपेपर्यंत पाच वाजतात आणि आमच्या गावाकडची शेवटची एस. टी. त्याच सुमारास सुटते. या एका हिशेबाने माझी शाखा ठरली. शिवाय हा विषय एकट्या विज्ञानवाल्यांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही, हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानात येईलच.

विषय असा की, पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयात शिकता शिकता दुसऱ्या एखाद्या संस्थेतही काही काळ शिकावे. ती संशोधन संस्था असेल, विद्यापीठ असेल, कारखाना असेल. आणि हे शिकणे हौस म्हणून नव्हे, तर पदवीचाच भाग म्हणून गणले जावे. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन ती प्रथम अमलात आणली. मुले आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात जात. ती अभियांत्रिकीची मुले होती. आपल्याकडे पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' या नावाने असाच उपक्रम चालविला आहे. शुद्ध विज्ञान शिकणाऱ्यांची पाळी मात्र फार उशिरा आली.

आली हेही खरे. मुंबईला मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. निवडलेली मुले सुट्टीत तेथे जातात आणि तज्ज्ञांच्या हाताखाली प्रकल्प करतात. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी एकत्र येऊन उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तीत विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही जागा आहे. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी तर २००७ मध्ये मिळून एक केंद्रच काढले. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यापीठाची पदवी आणि शिकवायला टाटा मूलभूत संशोधन संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र येथील शास्त्रज्ञ! दोन संस्थांनी मनात आणले तर काय होऊ शकते, याचा हा उत्तम नमुना आहे. वाचूनच हेवा वाटावा असा.

परंतु मित्रहो, मानखुर्द आणि मूर्तिजापूर यांच्यामध्ये एका रात्रीचा रेल्वेप्रवास आहे, आणि तेवढेच अंतर नाही.

माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका संस्थेचा नव्हे, रीतीचा आहे. गेल्या वर्षी त्याची अशाच एका उन्हाळी कार्यक्रमासाठी निवड झाली. पत्र आले त्या दिवशी काकूने शेजारीपाजारी साखर वाटली. मग दादाने ते पत्र पुन्हा नीट वाचले. विद्यावेतन मिळणार होते, पण महिना भरल्यावर. प्रवासखर्च मिळणार होता, पण तिकीट जोडून अर्ज केल्यावर. वसतिगृहाची अनामत मात्र पहिल्या दिवशी, आणि जेवणाचे पैसेही आगाऊ. सगळे मिळून दहाएक हजार रुपये हाताशी हवे होते. काळ कोणता? मे अखेर ते जुलै. म्हणजे ज्या दिवसांत तीन एकर कोरडवाहू शेतीच्या धन्याजवळचा शेवटचा रुपया बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, आणि ज्या दिवसांत घरातला एकेक हात पेरणीला लागतो, नेमके ते दिवस. काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पैसे मंग भेटतीन म्हन्तेत बाप्पा, पन तिकिटवाला तं आजच मांगते ना!"

दादा गेला नाही. त्याच्या जागी प्रतीक्षा यादीतला कोणी गेला असेल. तो हुशार असेल आणि त्याने तेथे चांगले कामही केले असेल. त्याच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. माझे म्हणणे एवढेच की, गुणवत्तेची परीक्षा घेणाऱ्यांनी नकळत दुसरीही एक परीक्षा घेतली. मृगाच्या तोंडाशी कोणाच्या घरी दहा हजार रुपये मोकळे आहेत? या परीक्षेत कोणत्या घरची मुले उत्तीर्ण होतात, हे सांगायला सांख्यिकी लागत नाही. पैसे देण्याचा क्रम तेवढा उलटा करा. जेवढे नंतर देता तेवढेच आधी द्या. एक पैसाही जास्त खर्च होणार नाही.

येथे मला गाडगेबाबांची आठवण होते. बाबांचे बालपण आमच्याच तालुक्यातील दापुरे गावी, मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. पुढे त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांची सोय व्हावी म्हणून धर्मशाळा उभारली गेली. देवळे बांधू नका म्हणणारा हा माणूस धर्मशाळा का बांधीत होता? कारण मोठ्या ठिकाणी गरीब माणूस जातो तेव्हा त्याला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी स्वतः भोगून जाणले होते. आमच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. पुणे, मुंबई, नागपूर येथे शिकायला जाणाऱ्या इकडच्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, चार-चार खाटांची एखादी खोली कायमची ठरवून ठेवणे कठीण नाही. मुलींसाठी असे मुद्दाम म्हणते. दादाच्या बाबतीत घरात पैशाचा प्रश्न निघाला. माझी निवड झाली असती तर पैशाआधी दुसराच प्रश्न निघाला असता, 'राहीन कुठी?' आणि त्याला 'बघू' हे उत्तर चालले नसते.

असो. आता दुसरी बाजू. सरकारी नियम पूर्वीसारखे आडवे येत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार शिकणारी आमची तुकडी. संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून ते लागू झाले. त्यात क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण यांना क्रेडिट आहेत. क्रेडिट साठविण्याची पेढी २०२१ पासून आहे, आणि तिच्या नियमाप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मी क्रेडिट मिळविली की उरलेली बाहेरून आणता येतात. कागदावर हे इतके उदार आहे की, पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नाही.

पण कागदावरच्या रुळांवरून गाडी धावायची म्हणजे दोन्हीकडचे माप एक लागते. मूर्तिजापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या स्टेशनात मुंबई–नागपूर मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटरचे, आणि यवतमाळला व अचलपूरला जाणाऱ्या शकुंतलेचे ७६२ मिलिमीटरचे. १९० किलोमीटरचा तो सारा मार्ग कापसासाठी घातलेला. पण त्या डब्यातला माल मोठ्या रुळावर आपोआप जात नसे. येथे उतरवून पुन्हा भरावा लागे. माझे आजोबा याच यार्डात हमाली करीत. आता शकुंतला बंद आहे आणि आजोबाही नाहीत. क्रेडिटच्या बाबतीत मात्र ती हमाली विद्यार्थ्याच्या डोक्यावर आली आहे. या कार्यालयातून तो कागद, त्या कार्यालयातून हा शिक्का. तिकडचे सत्र जुलैत संपते, इकडचे जूनमध्ये सुरू होते. तिकडे सहा आठवड्यांच्या कामाला चार क्रेडिट, इकडे त्याच कामाला 'समकक्ष विषय नाही' असा शेरा. बाहेर जाऊन आलेला विद्यार्थी दोन महिने शिकतो आणि पुढचे चार महिने ते शिकला हे सिद्ध करीत फिरतो. ज्या दोन संस्था करार करतात त्यांनी ही उतार-चढाव आपसांत, सही करण्यापूर्वीच ठरवावी. विद्यार्थी हा विद्यार्थी आहे, कारकून नव्हे.

करारावरून आठवले. अलीकडे सामंजस्य कराराचे पीक उदंड आले आहे. मूल्यांकन समितीपुढे ठेवायला फाईल जाड हवी, म्हणून जो भेटेल त्याच्याशी करार होतो. मागे फलक, पुढे टेबल, मध्ये फाईल धरलेले चार हात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. त्या छायाचित्रात विद्यार्थी कधी पाहिलात का? मला तरी अद्याप दिसलेला नाही. (संपादक महाशयांनी हे वाक्य ठेवले तर त्यांचे आभार.)

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख म्हणजे नेहमीची तक्रार झाली असती: आम्ही मागास, आम्हांला द्या. मला मुख्यतः जे म्हणायचे आहे ते याच्या उलट आहे. मोठ्या संस्थांशी बोलताना आपण हात पसरून उभे राहतो, हीच चूक आहे. आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे की नाही, याचा विचारच आपण करीत नाही.

बी. एस्सी.च्या रसायनशास्त्रात पाण्याचा कडकपणा मोजण्याचा एक प्रयोग असतो. दादाने मला तो घरी समजावून सांगितला. पाण्यात इरिओक्रोम ब्लॅक टी घातले की ते लालसर होते, आणि वरून ब्युरेटमधून ई. डी. टी. ए. थेंब थेंब सोडत गेले की एका क्षणी निळे होते. किती थेंब लागले यावरून गणित. मी विचारले, पाणी कुठले? तो म्हणाला, बाटलीतले. प्रयोगशाळेत करून ठेवलेले द्रावण! आणि आम्ही राहतो कुठे? खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेली नऊशेच्या आसपास गावे, साडेचार लाख हेक्टरांच्या वर जमीन, आणि खाली खारट पाणी. या पाण्याने ओलीत करावे तर जमीन बिघडते. म्हणून पाणी असून शेती कोरडवाहू. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. आई डाळीपुरते पाणी नळाचे जपून ठेवते आणि ज्या आठवड्यात नळ येत नाही त्या आठवड्यात आम्ही डाळ करीत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा उगमच नसेल तर फार तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. आमच्या विहिरीचा आकडा काय? ठाऊक नाही. ज्या घरातला मुलगा पाण्याचा कडकपणा मोजायला शिकला, त्या घरच्या विहिरीचा आकडा त्या घराला ठाऊक नाही!

आता असे पाहा. नागपूरची 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून आहे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे आणि ते तर तासाभराच्या अंतरावर. त्यांच्याजवळ यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत. पण त्यांचा तज्ज्ञ आमच्या विहिरीवर वर्षातून किती वेळा येणार? एकदा, फार तर दोनदा. पाण्याचे रूप तर दर महिन्याला बदलते: पावसाळ्यानंतर वेगळे, दिवाळीत वेगळे, वैशाखात वेगळे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच विहिरीतून त्याच वेळी नमुना कोण काढील? जो त्या गावात राहतो तोच. ज्या महाविद्यालयात पन्नास खेड्यांतली मुले येतात, त्या महाविद्यालयाजवळ फुकट मिळालेले पन्नास निरीक्षक आहेत. ही संपत्ती मुंबईच्या कोणत्याही संस्थेजवळ नाही. साधी तपासणी मुलांनी येथल्या प्रयोगशाळेत करावी, कठीण तपासणी त्या संस्थेने करावी, निष्कर्षावर दोघांची नावे असावीत आणि विद्यार्थ्याला क्रेडिट मिळावे. याला मी भागीदारी म्हणेन. २०१६ मध्ये राज्य शासनाने मुंबईच्या आय. आय. टी.च्या साह्याने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' काढले ते याच धर्तीवर. महाविद्यालयांनी आपल्या परिसराचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत ही त्यातली दृष्टी. ती बी. एस्सी.च्या वर्गापर्यंत यायला हवी.

लोणारचे उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. नमुने तपासले गेले आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितले की, हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांचा रंग. छान झाले. पण रंग बदलल्यावर धावपळ करण्याऐवजी बदलण्याआधीच्या बारा महिन्यांची नोंद हाताशी असती तर? किंवा कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घ्या. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाची किती दैना केली, हे येथे कोणाला सांगायचे! कामगंध सापळ्यात दर आठवड्याला किती पतंग सापडले हे मोजणे प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला सहज जमेल, आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेला असे आकडे गावागावांतून मिळाले तर ती नको म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, हे स्वप्नरंजन आहे. नाही. शेजारच्याच शाखेत ते घडते आहे. कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुले दर खरिपात गावात राहायला येतात. त्यांना आपण कृषिदूत, कृषिकन्या म्हणतो. सुरुवातीला गावकरी त्यांना हसतात; अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढणारी ती शहरी पोरे पाहून हसू येतेच. पण बीजप्रक्रिया करून दाखवतात तेव्हा म्हातारे शेतकरीही जवळ सरकतात. त्या मुलांना या कामाचे गुण मिळतात, ते त्यांच्या पदवीत धरले जातात, आणि त्यासाठी कोणाला आकाशपाताळ एक करावे लागत नाही. जे बी. एस्सी. ॲग्रीला चालते ते साध्या बी. एस्सी.ला का चालू नये? याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

आक्षेप आणखी एक आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी बोलता बोलता तो काढला. ते म्हणाले, "चांगली मुले एकदा बाहेरची प्रयोगशाळा पाहून आली की त्यांना येथली नकोशी होते. मग ती परत येत नाहीत, आणि मागे राहतात त्यांना शिकवायचा आमचाही हुरूप जातो." त्यांच्या बोलण्यात दुःख होते, म्हणून मी तेव्हा वाद घातला नाही. पण मला वाटते, मुले जातात ती मोठी प्रयोगशाळा पाहून नव्हे, तर येथल्या प्रयोगशाळेत खरा प्रश्न कधीच न पाहिल्यामुळे. आणि म्हणूनच एकट्या विद्यार्थ्याला पाठवू नये. त्याच्या शिक्षकालाही पाठवावे. अकादमींच्या शिष्यवृत्तीत शिक्षकांना जागा आहे हे वर सांगितलेच. त्याच अकादमी महाविद्यालयांत येऊन दोन-तीन दिवसांच्या व्याख्यानशाळाही घेतात. तेव्हा ये-जा दोन्ही बाजूंनी होऊ शकते. शास्त्रज्ञाने मूर्तिजापूरला दोन दिवस राहावे, आमच्या विहिरीचे पाणी एकदा पिऊन पाहावे. विषय आपोआप निघेल.

सहकार म्हटले की आमच्या भागात खरेदी-विक्री संघ आठवतो, आणि त्याच्या सर्वच आठवणी गोड आहेत असे नाही. पण सहकाराचे मूळ तत्त्व चांगले होते. भाग एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. मोठी संस्था आणि खेड्यातले महाविद्यालय यांच्या करारात हे तत्त्व कुठे दिसते? विषय ते ठरविणार, तारखा ते ठरविणार, निवड तेच करणार, आणि आपण पाहुण्यासारखे दोन महिने राहून यायचे. तारखा ठरविताना पेरणी कधी असते एवढे जरी कोणी विचारले असते, तरी दादा डिसेंबरात गेला असता. तेव्हा कापूस वेचून झालेला असतो आणि घरात चार पैसे असतात.

आता आम्ही कला शाखेचे विद्यार्थी यात कुठे बसतो? पाण्यात क्षार किती हे रसायनशास्त्र सांगेल. पण कोणती विहीर कधी खारट झाली, कोणती आधी गोड होती, कोणत्या आळीला गोड्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, सून करताना लोक 'तुमच्या गावचं पानी कसं हाये' हे का विचारीत, हे काही ब्युरेटमध्ये उतरत नाही. ते म्हाताऱ्यांना विचारावे लागते, आणि वऱ्हाडीत विचारावे लागते. समाजशास्त्र, इतिहास, भूगोल शिकणाऱ्यांचे हे काम आहे. त्यालाही क्रेडिट मिळावे, एवढी मागणी मी येथे नोंदवून ठेवते.

तूर्त दादाने आणि मी एवढेच केले आहे की, दोन्ही शाखांतल्या मिळून अकरा गावांच्या मुलांची यादी केली आहे. प्रत्येकाने आपल्या गावातली एक विहीर निवडायची. महिन्यातून एकदा स्वच्छ बाटलीत नमुना, बाटलीवर तारीख आणि वेळ. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी शनिवारी दुपारी दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवण्याचे मान्य केले आहे, मात्र फोडलेल्या काचसामानाची भरपाई आमची, या अटीवर. ज्यांच्या गावाचे नाव यादीत नाही त्यांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दाराशी मला भेटावे. बाटली स्वतःची आणावी.